मढचा रोल

रविवार, संध्याकाळ

साकीनाक्याच्या रिपेअरवाल्या काकांनी आज हात वर केले. "कार्ड मेलं रे. फोटो विसर." म्हणजे मढच्या किनाऱ्यावर डिजिटलवर काढलेले सायलीचे सगळे फोटो गेले. पडलं नाही, भिजलं नाही, तरी मेलं.

बाबांचा जुना रोलचा कॅमेरा त्याच दिवशी खडकावर आपटला होता, तरी खट्ट वाजतोच. मीच तोऱ्यात तिला म्हणालो होतो, "डिजिटलचा भरवसा नाही गं. हा दगा देणार नाही."

ती हसली. "कॅमेऱ्याचं सोड. कॉलेज अर्धवट सोडलंस, मलाही सोडशील."

डोकंच फिरलं माझं. रोल गुंडाळून न घेता मागचं झाकण उघडलं, भर उन्हात, तिच्यासमोर. "घे, नकोत मला तुझे फोटो!" उजेड लागला, रोल खलास. ती तशीच निघून गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही.

कार्ड आपोआप मेलं. रोल मी मारला. काकांना रोलचं का नाही सांगितलं? लाज वाटली, दुसरं काय.

आत्ता परत बाबांच्या कॅमेऱ्याचं बटण दाबून बघितलं. खट्ट. कॅमेऱ्याला काहीच झालेलं नाही.