पत्रक क्रमांक ४१

सोमवार, ९ जून

पत्रक क्र. ४१ खोटे आहे! वाणिज्याचा पदवीधर पुढे वस्त्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यासक झाला, तरी चुकीचा आकडा त्याला लांबून दिसतो.

पद्धत साधी. लॉटरीने निघालेल्या प्रत्येक घरी वस्तीच्या नकाशाचे पत्रक द्यायचे, सोबत सहा लाल व सहा हिरवे ठिपके. भीती वाटते तिथे लाल चिकटवायचा, आपलेपणा वाटतो तिथे हिरवा. लालजवळ भीतीची वेळ लिहायची, नाव लिहायचे नाही. लोकांनी अंधारी गल्ली दाखवली, बसथांबा दाखवला. ४१ वर एकच ठिपका — लाल — नेमका माझ्या घरावर! वेळ : 'संध्याकाळी सातनंतर.' हिरवा एकही नाही.

सौ. पाचला येते म्हणाली, पाच चाळीसला आली. "शेजारीणबाईंशी बोलत होते." कशाबद्दल? "उन्हाबद्दल." चाळीस मिनिटे, उन्हाबद्दल!

मंगळवार, १०

घरोघरी पत्रके वाटून गोळा करणाऱ्या सहायक संशोधिकेला बोलावले. तिचा करार शुक्रवारी संपतो. मुदतवाढ माझ्या शिफारशीवर. तिचा अहवाल मी तीनदा परत केला होता, तो राग असणारच.

"हे कोणी भरले?"

"सर, नाव कुणालाच सांगायचं नाही, तुम्हीच शिकवलंत."

"नोकरी गेली तरी?"

"तरी."

वर तोंड करून बोलते!

बुधवार, ११

सातला घरी. बेल न वाजवता किल्लीने दार उघडून आत जाण्याची माझी शिस्त आहे. घरात काय चालते ते तसेच कळते. सौ. दचकली. हातातले भांडे पडले. दचकण्यासारखे काय होते?

जेवताना सर्व सांगितले. "त्या मुलीला काढू नका हो," एवढेच म्हणाली. तिचा हिला एवढा पुळका का? पाणी कुठेतरी मुरते आहे.

गुरुवार, १२

नकाराचे पत्र लिहून झाले. पाकिटाला लावायची चिकटपट्टी कापायला कात्री हवी होती, म्हणून सौ.चा शिवणाचा डबा उघडला.

तळाशी ठिपक्यांचा कागद.

दोनदा मोजले. लाल पाच. हिरवे सहाच्या सहा.

शुक्रवार, १३

पत्र फाडले. मुदतवाढीची शिफारस दिली.

सातला दारापाशी पोचलो. किल्ली खिशात होती. बेल वाजवली, आणि पायरीवर उभा राहिलो.