रुमालाखालचा सौदा

मी, गोमा जैतू धानके, धंदा बैलांची दलाली, राहणार मौजे सरळगाव, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, वय पन्नाशीच्या घरात, डोके ठिकाणावर असताना, पोटात थेंबभरही दारू नसताना आणि कोणी दंडाला धरून बसवलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. याआधी मी कोणाला तोंडी काही कबूल केले असेल तर ते जत्रेतले बोलणे समजावे आणि रद्द धरावे.

आधी मुरबाडला कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्याकडे गेलो होतो. थोडे ऐकून त्याने टाक खाली ठेवला. "गोमाशेठ, हे मृत्युपत्र आहे, तमाशाचा वग नव्हे." म्हटले, राहू द्या, मरणारा मी, तर लिहिणाराही मीच. चौथीपर्यंत शिकलो आहे, तेवढे पुरते.

कल्याणच्या डॉक्टरने छातीला नळी लावून काळीज मोठे झाल्याचे सांगितले. घरी येऊन नवसूला सांगितले, तर तो म्हणतो, "ते मला कवाचंच म्हायती हाय. म्हनून तर इथं रायलो." आम्ही इतके हसलो की मला धाप लागली, आणि मग तोच रडवेला होऊन माझ्यावर ओरडला. तेव्हा आता उशीर करण्यात अर्थ नाही.

कलम पहिले. वडिलोपार्जित भातखाचरे माझा पुतण्या नथू यास. ती त्याला जायचीच आहेत, मी देतो म्हणणे हा नुसता मोठेपणा. नथू वाईट नाही, फक्त माझ्या घरात शिरला की आधी वर कौलांकडे बघतो आणि मग माझ्याकडे.

कलम दुसरे. राहते घर, परस आणि गोठा मी माझ्या दलालीवर बांधला आहे, त्यात वडिलांचा एक वासा नाही. हे सर्व नवसू सावळ्या हिलम, मूळ राहणार डोळखांबकडील कातकरी पाडा, यास द्यावे. त्याला कोणी उठवू नये. नथू चावडीवर म्हणून बसला आहे, "काकाचे डोळे मिटू दे, गड्याला गोधडीसकट बाहेर काढतो."

खरी अडचण इथेच आहे. नवसू माझा गडी आहे हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे, कारण ते मीच सांगत फिरलो. देवळात सांगितले, बाजारात सांगितले, कोणी विचारले नाही त्यालाही थांबवून सांगितले. ते साफ खोटे होते. ज्या वकिलांना विचारले ते म्हणाले, "गोमाशेठ, तुम्ही पसरवलेलं खोटं तुमच्या माघारी त्यालाच नडणार. कोर्ट विचारील, गड्याला कोणी घर देतं का?" म्हणून खरे काय ते लिहितो. वाचणाऱ्याने बूड टेकून बसावे.

त्रेपन्न-चोपन्नच्या सुमारास सरकार शहापूरला होते, पण डोळखांबच्या पाड्यांवर राज्य होते जंगल मजूर लाल युनियनचे. युनियनने चांगलेही केले, मी नाकारत नाही. कोळशाच्या भट्टीवर मजुरी वाढवून घेतली, मुकादमाचा हात उठायचा थांबवला. नवसू त्याच भट्टीवर होता. मी बैल घेऊन त्या वाटेने जायचो आणि चहा मागायचो. चहा भयंकर असायचा. मी येताना पुन्हा मागायचो.

मग युनियनवर मुंबईहून सेक्रेटरी आले. नाव लिहीत नाही, माझ्या मृत्युपत्रात त्यांना जागा द्यायची इच्छा नाही. त्यांना नवा माणूस घडवायचा होता, आणि नव्या माणसाने कोणावर जीव लावायचा हेही तेच ठरवणार होते. पुरुषाने पुरुषावर जीव लावला तर पोलिसांच्या पुस्तकात तो गुन्हा, आणि यांच्या भाषणात तो जमीनदारांचा रोग. मी जमीनदारांच्या घरी पुष्कळ बैल विकले, मला तो रोग तिथून नाही लागला बुवा!

गुणा ढोलकीवाला युनियनचीच गाणी वाजवायचा. या रोगापायी त्याला बैठकीला बोलावले. त्यानंतर तो खर्डी स्टेशनच्या पुढे रुळांवर सापडला. पोलिसांनी अपघात लिहिला. अपघात होणारा माणूस आधी आपले हात पाठीमागे बांधून घेत नाही. यावर मला हसता येत नाही.

पुढे संशय नवसूवर आला. त्याला पाडा सोडायची बंदी झाली आणि त्याच्या मागावर महिपत भोईर नावाचा युनियनचा माणूस लागला. हुकूम असा की आम्हा दोघांना पुराव्यानिशी पकडायचे, चार माणसांसमोर. भट्टीवरचा चहा बंद झाला. मला जेवण जाईना.

पौषात म्हसा गावची बैलांची जत्रा आली. पाड्याचा एक बैल विकायचा होता आणि बैलातले कळणारा पाड्यावर नवसूच. तेव्हा युनियनने त्यालाच पाठवले, आणि मागे महिपत.

ज्यांनी कधी बैल घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेत भाव तोंडाने होत नाही. विकणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटे दाबून आकडा सांगतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. आता बघा गंमत! अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दोन पुरुषांनी भर उन्हात, हजार माणसांत, हातात हात घेऊन बसायची एकच जागा, आणि ती नेमकी माझ्या धंद्यात. मला देवाची मनापासून दया आली, त्याला काय काय योजावे लागते.

रुमाल टाकला आणि बसलो. बसलो ते बसलोच. आकडा सांगायचे दोघेही विसरलो. ऊन डोक्यावर आले, बैल उभ्या उभ्या पेंगायला लागला. बाकीचे दलाल भोवती जमले. "काय रे, बैल हाय का ऐरावत?" कोणी पैजा लावल्या. एकजण जाऊन बैलाचे दात पुन्हा तपासून आला आणि मान हलवत म्हणाला, "कायतरी हाय बुवा, आपल्याला दिसत नाय." माझे पोट हसून दुखायला लागले. नवसू ओठ न हलवता म्हणतो, "हसू नको मुडद्या, भाव चाललाय."

तेवढ्यात गर्दीतून सेक्रेटरी आले, बरोबर दोन धटिंगण आणि महिपत.

"एवढा वेळ काय चाललंय?"

"भाव चाललाय साहेब," मी म्हटले.

"महिपत, तो रुमाल उचल."

दलाल खवळले. चालू सौद्यावरचा रुमाल उचलणे म्हणजे भर बाजारात धोतराला हात घालणे. सेक्रेटरी मुंबईचे असले तरी गर्दी ओळखत होते. म्हणाले, "मग हात घालून बघ आणि मला सांग."

महिपत उकिडवा बसला आणि त्याने हात आत सारला. तो बैलवाल्यांच्या घरात वाढलेला. आमची बोटे एकमेकांत अडकलेली होती आणि त्यात कसलाच आकडा नव्हता, हे त्याला तिथल्या तिथे कळले. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिले. नवसूचा हात गार पडला. महिपत एक शब्द बोलला असता तर नवसूचा गुणा झाला असता. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

महिपत खाकरला. "साहेब, थोडक्यासाठी अडलंय. दोगंबी हट्टी हायेत."

सेक्रेटरी वळणार, इतक्यात आमचा धाऊ दलाल ओरडला, "तिसऱ्याचा हात पडला! सौदा त्याचा!" आमच्या बाजाराचा नियमच आहे, चालू सौद्यात तिसरा हात घालील त्याने जनावर उचलायचे. सारी जत्रा ओरडायला लागली. कोणीतरी कासरा आणून महिपतच्या हातात दिला, कोणी बैलाला गुलाल लावला. सेक्रेटरी कडाडले, "कॉम्रेड, तू खासगीत बैल घेतलास?"

"घेतला नाय साहेब," महिपत म्हणाला, "लागला."

त्या गोंधळात मला बुद्धी सुचली. म्हटले, साहेब, मला जनावरे राखायला माणूस हवा आहे, या पोराला गडी म्हणून नेतो, मजुरी युनियनच्या दराने देतो. स्वतःचाच दर ऐकून त्यांना नाही म्हणता येईना. तर "गडी" हा शब्द तिथे जन्मला. त्याने नवसूचा जीव वाचवला, आणि आता तोच त्याला रस्त्यावर आणू पाहतो आहे.

सेक्रेटरींचा संशय गेला नाही. त्यांनी महिपतला सरळगावात माझ्या घरासमोर बसवले. बासष्ट साली चीनच्या लढाईत लाल पुढाऱ्यांची धरपकड झाली तेव्हा साहेब पळाले ते अजून पळतच असतील. महिपत मात्र तिथेच राहिला. एकदा ओसरीवर बसून आपणहून म्हणाला, "गुणाला बैठकीचा निरोप मीच दिलेला. काय होनार ते मला म्हायती नव्हतं. तुमच्या बारीला म्हायती होतं." नवसूने त्याला भाकरी वाढली. 

आम्ही दोघांनी आणखी काय केले ते मी लिहिणार नाही, कोर्टाला कामे असतात. एका घरात राहिलो, एका चुलीवरचे खाल्ले. माझा नवसूवर जीव आहे. हे एकदा शाईने लिहायचे होते, ते लिहिले. 

कलम तिसरे. गुणाची ढोलकी आमच्या माळ्यावर आहे. ती डोळखांबच्या पोरांना द्यावी आणि ती वाजवावी, टांगून ठेवू नये. गुणाची आई यमू हयात असेतो तिला दर दिवाळीला लुगडे आणि वर्षाचा तांदूळ नवसूने पोचवावा. तिच्यासमोर कोणी अपघात हा शब्द काढू नये.

कलम चौथे. घुंगरमाळा आणि झुली धाऊ दलालाच्या पोराला, कारण धाऊ साक्षीला बसणार आहे. ज्या शेजाऱ्याने नवसूला विहिरीवर चढू दिले नाही, त्याला माझ्या दहाव्याचे जेवण नाही. त्याची बायको भली आहे, तिला परसदारी वाढावे, लाडू दोन जास्त.

कलम पाचवे. माझ्या चितेला अग्नी नवसूने द्यावा. नथूने हरकत घेतली तर भटजींनी आधी कलम पहिले आणि मग नथूचे तोंड बघावे. रडारड बेताची असावी. नवसूला रडू आले तर कोणी "गडी किती इमानी" असे म्हणू नये. म्हणेल त्याला मी दिसेन.

वकिलांनी बजावले आहे की ज्याला द्यायचे त्याची सही साक्षीला नको, आणि दोन साक्षीदारांतला एक असा हवा की ज्याला आमच्या घरातले सगळे ठाऊक आहे आणि उलटतपासणीत जो हलणार नाही. असा माणूस या गावात एकच आहे. त्याला बोलावणे धाडले, तो चपला न घालता आला. त्याला जे लिहायचे ते त्याने स्वतः लिहावे, मी बघणार नाही.

मुक्काम सरळगाव, दिनांक २१ नोव्हेंबर १९६७.

सही: गोमा जैतू धानके

साक्षीदार: धाऊ सुक्या हरड, दलाल, निशाणी डावा अंगठा. गोमा शुद्धीवर होता, मला दोन शिव्या देऊन त्याने सही केली.

साक्षीदार: मी, महिपत बुधू भोईर, राहणार सरळगाव, लिहून देतो की गोमाने माझ्यादेखत सही केली. नवसू या घरात गडी होता असे कोणी कोर्टात म्हणाले तर मला बोलवावे. युनियनने मला या घरावर पाळतीला बसवले होते आणि मी वर्षानुवर्षे यांच्या खिडकीतून आत बघितले आहे. गडी मालकाला मीठ कमी झाले म्हणून शिव्या देत नाही. मालक गड्याच्या तापात त्याचे पाय चेपत बसत नाही. दोघे रुसून पाठ करून झोपले आणि सकाळी कोण आधी बोलतो यावर अडून बसले, हेही मी बघितले. सेक्रेटरी दर आठवड्याला विचारायचे, काय दिसले? मी सांगायचो, काही नाही. ते खोटे होते. आज शपथेवर खरे सांगतो. मला संसार दिसला.

सही: महिपत बुधू भोईर