पाळण्याकडे पाठ

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी मनी मांजरीला पिशवीत घालून खाडीकडच्या राई गावात सोडायला गेलो. लेक बाळंत झालीये. हिचं एकच, "अहो, तान्ह्या बाळाजवळ मांजर? पुरे तुमचं पिक्चरचं वेड!"

माझ्या लाडक्या जुन्या भुताच्या सिनेमात तीन गोष्टी, तिन्हींत एकच मांजर, आणि शेवटी तेच लेकराला वाचवतं. पण सिनेमा तो सिनेमा. नखं लागली तर? दुसरीकडे, परवाच सटवाईची पाचवी पुजली. तिचं वाहनही मांजरच, मग त्यालाच हाकलायचं?

खाडीपाशी पिशवी उघडली. मनी पळाली नाही, माझ्याकडे पाठ करून रस्ता बघत बसली. पाळण्यापाशीही अशीच बसते, पाठ बाळाकडे, डोळे दाराकडे. राखणदार असाच बसतो ना?

तिला परत आणलं. बाळाच्या खोलीला जाळीचं दार बसवून घेतलं. मनी बाहेर, जाळीला पाठ लावून बसलीये.