नागरिकांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या नवऱ्याचा तिसरा अर्ज

दिनांक: ९ ऑगस्ट

प्रति,
मा. मुख्य प्रवेश-तपासणी अधिकारी,
आगमन कक्ष, विमानतळ.

विषय: माझ्या नोंदीवरील शेऱ्यात एका शब्दाची दुरुस्ती करण्याबाबत.

संदर्भ:
(१) माझा दि. ३ जूनचा अर्ज (शेरा काढून टाकण्याबाबत).
(२) माझा दि. २१ जूनचा अर्ज (फेरपरीक्षा घेण्याबाबत), सोबत प्लास्टरचा साचा, एक नग.
(३) आपले दि. ११ जुलैचे पत्र (‘अशी तरतूद नाही’), सोबत तोच साचा, दोन नग.

महोदय,

मी परदेशी नागरिक असून आपल्या देशातील एका नागरिक महिलेचा नवरा या नात्याने गेली एकोणीस वर्षे येथे राहतो. दातांच्या कवळ्या बनवणे हा माझा व्यवसाय आहे. माझी पत्नी टपाल कचेरीत पत्रांच्या वर्गवारी विभागाची प्रमुख आहे. माझ्या पहिल्या दोन अर्जांत मी आपल्या कार्यालयाला बराच दोष दिला होता. तो सर्व दोष या अर्जाने मागे घेत आहे. आपल्याला तो परत पाठवण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून तो कोणाच्या नावे जमा करायचा हेही पुढे नमूद केले आहे.

१. आपल्या आगमन कक्षात ‘नागरिक व त्यांच्यासोबतचे परदेशी जोडीदार’ अशी पाटी असलेली रांग आहे. ही सोय निदान अकरा वर्षे चालू आहे. यंदाच्या मे महिन्यापर्यंत मी तिचा एकदाही लाभ घेतला नव्हता. बायकोच्या पदराला धरून मी देशात शिरणार नाही, असे मी पत्नीला पहिल्याच वेळी सुनावले होते. ती “बरं” म्हणाली. त्यानंतर प्रत्येक प्रवासात ती दहा मिनिटांत बाहेर पडे आणि सामानाच्या पट्ट्याजवळ उभी राही. मी परदेशी लोकांच्या रांगेत दीड-दीड तास काढून छाती पुढे करून बाहेर येत असे. त्या छातीत नेमके काय होते, हे आता मला सांगता येत नाही.

२. दि. २७ मे रोजी दुपारी आम्ही माझ्या थोरल्या भावाकडून परत आलो. पत्नीचा उजवा गुडघा सुजला होता आणि डॉक्टरांनी तिला फार वेळ उभे राहू नका असे बजावले होते. म्हणून त्या दिवशी मी प्रथमच तिच्यासोबत नागरिकांच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या हातातला वेगळ्या रंगाचा पासपोर्ट पाहून मागचे एक गृहस्थ म्हणाले, “तुमची रांग पलीकडे आहे हो.” मी निघालोही होतो. पत्नीने माझी बाही धरली आणि मागे न पाहता म्हणाली, “ही रांग माझी आहे ना? मग यांचीही आहे.” हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढे जे झाले त्यावरून तिच्याबद्दल गैरसमज होऊ शकतो.

३. पुढे झाले ते असे. त्याआधी विमानात प्रवेशपत्रिका भरताना मी आमच्या घराचा क्रमांक चुकवला होता. आमच्या गल्लीतले क्रमांक सहा वर्षांपूर्वी बदलले. मी जुनाच लिहिला. टपाल खात्यात हयात घालवलेल्या बाईसमोर असे करणे हा किती मोठा अपराध आहे, याची मला कल्पना नव्हती.

ती म्हणाली, “सहा वर्षं तुम्ही लोकांना हाच पत्ता देताय?”

मी म्हणालो, “पत्रं तर येतातच की.”

“येतात, कारण ती मी वेगळी काढून पिशवीतून घरी आणते.”

यावर गप्प बसणे शहाणपणाचे होते. मी म्हणालो, “मग हरकत काय आहे?” तिने स्वतःच्या पत्रिकेवर नवा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला, आणि मी माझा जुना तसाच ठेवला.

खिडकीवरच्या आपल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या आणि विचारले, “हे तुमचे यजमान? पत्ते वेगळे कसे?” पत्नी म्हणाली, “ते त्यांनाच विचारा. ते सहा वर्षं दुसऱ्या घरी राहतात.” तिने हे रागाने म्हटले, पण थट्टेत म्हटले. आपल्या अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. यात त्यांची काही चूक नाही. तिची थट्टा ओळखायला मलाही काही वर्षे लागली.

४. आम्हाला दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्यात आले. माझ्या खोलीत जमिनीला ठोकलेल्या दोन खुर्च्या, पाण्याचे यंत्र आणि चौकशी अधिकारी बाई होत्या. बाई सभ्य होत्या. त्यांनी मला पत्नीविषयी चौदा प्रश्न विचारले. जन्मतारखेत मी महिना बरोबर सांगितला. डोळ्यांचा रंग “नेहमीचा” असा सांगितला. ती पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपते, यावर मी “उभं राहून बघितलं तर की आडवं पडून?” असे विचारले, तेव्हा बाईंनी कागदावर ‘अर्जदार प्रतिप्रश्न करतो’ अशी नोंद केली.

ओळखीची खूण विचारल्यावर मात्र मला हुरूप आला. वरच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेवर मी स्वतः बनवलेली टोपी आहे. मी तिचे चित्र काढून दाखवले, चावताना खालची दाढ तिला कुठे टेकते तेही दाखवले.

बाई म्हणाल्या, “अहो, बाहेरून दिसेल अशी खूण सांगा.”

“हसली की दिसते,” मी म्हणालो.

“त्या हसत नव्हत्या,” बाई म्हणाल्या.

मला चौदापैकी तीन गुण मिळाले. पत्नीला चौदापैकी चौदा. त्यांत मी झोपेत दात खातो, हेही तिने सांगितले. ही बातमी मला आपल्या कार्यालयाकडून कळली. एका कवळीवाल्याला ती अशी कळावी, याचे मला काही दिवस फार वाईट वाटले.

माझ्या नोंदीवर शेरा पडला: ‘विवाह शंकास्पद. पुढील प्रत्येक प्रवेशाच्या वेळी दोघांची स्वतंत्र चौकशी करावी.’

५. पहिल्या अर्जात मी लिहिले की प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे होते. दुसऱ्या अर्जात फेरपरीक्षा मागितली आणि वैवाहिक निकटतेचा पुरावा म्हणून पत्नीच्या संपूर्ण वरच्या जबड्याचा साचा जोडला. एखाद्या स्त्रीचा जबडा मी इतका अचूक ओळखतो यावरून विवाह सिद्ध व्हावा, असा माझा युक्तिवाद होता. त्याच न्यायाने माझे या शहरातल्या चारशेहून अधिक लोकांशी विवाह झालेले ठरतात, हे पत्नीने लक्षात आणून दिले. तेव्हा पाकीट टपालात पडले होते. तिच्याच विभागातून ते गेले. तिने ते थांबवले नाही, कारण तसा नियम आहे.

६. फेरपरीक्षेला तरतूद नाही असे आपण कळवलेत, तोपर्यंत माझी तयारी सुरू झाली होती, आणि पत्नीने ती सोडू दिली नाही. रोज जेवण झाले की टेबल पुसून ती समोर बसे आणि आपल्या कार्यालयाचेच चौदा प्रश्न विचारी. तिच्या बुटांचे माप, वरिष्ठांचे नाव, लहानपणीच्या शाळेचा रस्ता, सगळे मी वहीत उतरवून पाठ केले.

नववा प्रश्न ‘जोडीदाराला कशाची भीती वाटते?’ असा आहे. चौकशीच्या वेळी मी “झुरळाची” असे उत्तर दिले होते. घरीही तेच दिले. ती म्हणाली, “चूक.” मी पाल म्हणून पाहिले, उंची म्हणून पाहिले. मग बरोबर काय ते सांग म्हटले, तर तिने वही मिटली. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी तिने सांगितले.

सात वर्षांपूर्वी एकदा परदेशी रांगेत माझा साडेतीन तासांवर वेळ गेला होता. माझ्या बोटांचे ठसे उमटत नव्हते. प्लास्टर आणि घासकाम करून आमच्या धंद्यात बोटे गुळगुळीत होतात. मला तो प्रसंग गमतीचा म्हणून आठवतो आणि मी तो अनेकांना सांगितला आहे. त्या वेळी ती बाहेर पट्ट्याजवळ उभी होती. आमच्या विमानाचे सामान संपले. पट्टा थांबला. आमच्या दोन बॅगा तिने खाली ओढून घेतल्या. तिने झाडणाऱ्या बाईंना विचारले, “वर अजून कोणी आहे का हो?” त्या म्हणाल्या, “कोणी नाही, हॉल रिकामा आहे.” मी आतल्या खोलीत होतो, हे त्यांना काय माहीत? मला परस्पर परत पाठवले असे तिला वाटले. तिने विचारायला तिघांना गाठले, तिघांनी चौथ्याकडे बोट दाखवले. मग ती दोन बॅगांच्या मध्ये जमिनीवर बसली.

मी बाहेर आलो तेव्हा ती उभी होती. ती म्हणाली, “किती वेळ!” मी म्हणालो, “रांग होती.” आणि घरापर्यंत मी ठशांची गंमत सांगत राहिलो.

मी तिला विचारले, “तेव्हाच का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “तुम्ही इतके खुशीत होता.”

त्यानंतरही चार-पाच वेळा मी त्याच रांगेत उभा राहिलो आहे, आणि ती त्याच पट्ट्याजवळ.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या कवळीत दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवले. ती कवळी पुन्हा करून देत आहे.

७. तरी विनंती की, सदर शेरा काढून टाकू नये. तो पुष्कळसा खरा आहे. फक्त त्यातील ‘विवाह’ हा शब्द खोडून तेथे ‘अर्जदार’ असा शब्द घालावा. विवाहात शंका घेण्यासारखे काही नाही. तो एका बाजूने चौदापैकी चौदा गुणांनी चालू आहे. शंका अर्जदाराविषयी घ्यावी. तसे केल्यास पुढील चौकशी माझी एकट्याची करता येईल आणि पत्नीला आत बसवून ठेवण्याचे कारण राहणार नाही.

८. आम्ही दि. १८ सप्टेंबर रोजी दुपारच्या विमानाने परत येत आहोत. मी नागरिकांच्या रांगेत, तिच्या मागे उभा राहीन. मला बाजूला घ्यावयाचे झाल्यास अवश्य घ्यावे, हवा तेवढा वेळ ठेवावे, ठसेही पुन्हा घ्यावेत. मात्र आपल्या एखाद्या कर्मचाऱ्याने पट्ट्याजवळ जाऊन तिला एवढेच सांगावे की हे आत आहेत, त्यांना परत पाठवलेले नाही. आणि बसायला खुर्ची द्यावी. ‘पाठ असलेली’ असे लिहा, असे तिने आत्ताच स्वयंपाकघरातून सांगितले आहे. तसे लिहिले आहे.

कळावे. उत्तराची वाट पाहण्यास मी एकटा समर्थ आहे.

आपला,
(सही)
अर्जदार, कवळी-कारागीर

सोबत:
(१) पासपोर्टची प्रत.
(२) विवाह नोंदणी दाखल्याची प्रत.
(३) दि. ८ ऑगस्टची सराव उत्तरपत्रिका, गुण चौदापैकी नऊ. पत्नीने तपासली आहे. वाढीव गुण देण्यास तिने नकार दिला असून, डोळ्यांच्या रंगाचे उत्तर ‘पुन्हा बघा’ असा शेरा मारून परत केले आहे.