विहीणबाईंची मांडी

लिपा, सोमवार

प्रिय कोन्सोलासिऑन विहीणबाई,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. मला तुमचा हेवा वाटतो.

माझी लेक मिन आठवडाभर बँकेच्या काउंटरवर हसरा चेहरा करून बसते, घरी येऊन पोरांचं सगळं करते. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तिला तासभर मिळतो आणि तो ती तुमच्या ओसरीवर घालवते. तुमच्या मांडीवर डोकं ठेवते, तुम्ही चिमट्यानं तिचे पांढरे केस काढता आणि ती झोपी जाते. ते केस काळे होते तेव्हा त्यांची वेणी मी घालत होते, विहीणबाई!

न राहवून तिला विचारलंच, "माझी मांडी टोचते का गं तुला?"

ती हसली. "आई, तू प्रश्न फार विचारतेस. सासूबाई नुसते केस काढतात."

काल ती आपणहून माझ्याकडे आली. "घे चिमटा," म्हणाली आणि आडवी झाली. मी ओठ घट्ट मिटले. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी गप्प बसायलाच तर शिकवलं होतं. तिचे डोळे मिटू लागले. इतक्यात कानामागे पांढऱ्या केसांचा झुपकाच दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, नीट जेवतेस ना? नवरा काही मदत करतो की नाही?"

"झालं सुरू!" ती उठली आणि चपला घालून निघून गेली.

तिची काळजी तुम्हालाही वाटत असेलच. मग तोंड मिटून कशा बसता हो? एवढं मला शिकवाल?

तुमची,
रेमेदिओस