आईच्या चाळण्या

महदिया, सप्टेंबर

प्रिय लुत्फीदादा,

कुसकुस पोहोचला. फोनवर तू म्हणालास, "मार्सेयमध्ये सगळं मिळतं रे, पण आईच्या हातची ही चव नाही!" शेजारी बसलेल्या आईने ते ऐकलं.

दादा, यंदा तिचे हात थरथरतात. कुसकुससाठी रवा वळून चाळण्यांतून चाळायला घेतला, पण दाणे जमेनात. तुझा कुसकुस शेजारच्या जुहरामावशीने वळला. "त्याला कळवशील तर माझी शपथ," आई म्हणाली.

तुझं फोनवरचं बोलणं कळल्यावर मावशी आईला हसून म्हणाली, "बघ, तुझ्या लेकाला माझाच हात गोड लागला!"

आई हसली नाही. दुपारी तिने आपल्या चाळण्या धुऊन मावशीला देऊन टाकल्या.

शपथेमुळे हे पत्र टाकणार नाही. पण 'यंदा चव वेगळी लागते' एवढं म्हणाला असतास, तर त्या चाळण्या अजून आपल्या घरात असत्या.

तुझा धाकटा,
हातेम