तिसरं ताट

प्रिय दानुशा,

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "बाब्चा, मी नंतर करते" म्हणतेस आणि ते नंतर कुठे हरवतं कोण जाणे. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही. तुझ्या आजीचं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

पहिली बातमी ही की मी सध्या इस्त्रीच्या फळीवर जेवते. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. आपलं स्वयंपाकघरातलं टेबल म्युझियममध्ये गेलंय. विकलं नाही, उसनं दिलंय. उन्हाळ्यात एक मुलगी दारात आली, कोरिन नाव, पँटभर रंगाचे डाग. मला वाटलं, हीसुद्धा स्वर्गात जायचा रस्ता सांगायला आली, म्हणून मी दार लावूनच घेत होते. पण ती कलाकार निघाली. शहरातल्या घराघरांतून जेवणाची टेबलं गोळा करत होती. प्रत्येक घराची वर्षातली सगळ्यात मोठी रात्र कोणती, आणि त्या रात्री टेबल कसं मांडता, एवढंच विचारायची. मी सांगितलं, आम्हा पोलिश लोकांची रात्र ख्रिसमसच्या आदल्या दिवसाची. पहिली चांदणी दिसल्याशिवाय आम्ही घास घेत नाही. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली गवत पसरतो, आणि एक ताट जास्तीचं मांडतो. दार वाजवेल त्याचं. तिने विचारलं, मग एकूण किती ताटं? मी म्हटलं, दोन. ती पेन्सिल धरून थांबली, मी पुढे काही बोलेन म्हणून. मी कशाला बोलू? शेवटी ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, तुमचे टोमॅटो छान आलेत. पोरगी शहाणी आहे.

म्युझियमची माणसं मात्र एकेक नमुने. टेबल न्यायला आली ती हातमोजे घालून. ज्या टेबलावर तुझा आजोबा गाडीचं यंत्र उघडून बसायचा, त्याला बाळंतिणीसारखं गुंडाळून नेलं. गवताला तर म्हणे आधी बर्फाच्या पेटीत कितीतरी दिवस ठेवलं, किडे मरावेत म्हणून. मी म्हटलं, त्या येशूला असल्याच गवतावर निजवलं होतं, तेव्हा कोणी किडे मोजले नाहीत. कोणी हसलं नाही. आता टेबलाभोवती जमिनीवर एक रेघ आखलीय. रेघ ओलांडली की वर कुठेतरी पीं-पीं वाजतं.

मी दर शुक्रवारी जाते. शुक्रवारी तिकीट नसतं, बसही थेट आहे. तिथे ओडेल नावाचा पहारेकरी आहे, गुडघे माझ्यासारखेच कामातून गेलेले. थंडी वाढली की कोणाचा गुडघा आधी बोलला, यावर आमची पैज लागते. बाकीच्या घरांच्या टेबलांवर आठ-आठ, दहा-दहा ताटं, वाडगे, मेणबत्त्या, अगदी लग्नघर. पण गर्दी आपल्यापाशी. लोक त्या दोन ताटांकडे बघतात आणि डोळे पुसतात. मला राग येतो. अरे, ताट रिकामं आहे, कोणी मेलेलं नाही. एक बाई शाळेची मुलं घेऊन फिरते, ती टेबलाच्या कडेची टोचलेली भोकं दाखवून सांगते की या कष्टकरी हातांच्या खुणा. ती जेवायच्या काट्याने कोणी टोचलीत ते तुला माहीत आहे. बीटचं सार प्यायचं नाही म्हणून अख्खी संध्याकाळ तू ते उद्योग करत बसली होतीस, आणि झेनॉन, तुझा बाबा, तुला रागवायचं सोडून शेजारी बसून टोचत होता. पण सगळंच काय म्युझियमच्या भिंतीवर लिहायचं असतं?

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला, त्या शुक्रवारी मी समोरच्या बाकावर बसले होते. एक उंच माणूस आला, बुटांतून पाणी गळत होतं. प्यालेला नव्हता, नुसता दमलेला. इकडेतिकडे न बघता त्याने रेघ ओलांडली, जास्तीच्या ताटासमोरची खुर्ची ओढली आणि बसला. हात कापडावर ठेवले. वर पीं-पीं सुरू. ओडेल धावला, आणि त्याच्यामागून म्युझियमच्या मिसेस व्हिटकॉम्ब, गळ्यात लिंबाएवढे मणी. फार गोड आवाजात त्या म्हणाल्या की ही कलाकृती आहे, इथे बसता येत नाही. माणूस उठायला लागला, तशी मी उठले.

"त्याला उठवायचं नाही," मी म्हणाले. "त्या ताटावर जो बसला त्याला आम्ही उठवत नाही. उठवायचाच असेल तर टेबलही आत्ताच उचला."

बाई म्हणाल्या, पण मिसेस प्योत्रोव्स्का, अजून ख्रिसमसही नाही. मी म्हटलं, ताट मांडलंय ना? मग झालं. आणि मी जाऊन माझ्या जागेवर बसले. पुन्हा पीं-पीं. पिशवीत पाव आणि हॅम होतं, त्यातलं अर्धं त्याच्या ताटात ठेवलं. मिसेस व्हिटकॉम्बनी डोळे मिटले. ओडेल छताकडे बघत उभा राहिला, जणू दिवे कोणी चोरणार होतं. माणसाने निवांत खाल्लं आणि म्हणतो काय, मोहरीची चटणी असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, फुकटचं खाऊन वर तोंड आहे म्हणजे तू नक्की चांगल्या घरचा. तो हसला. मग ताटावरून बोट फिरवत त्याने विचारलं, "ही जागा कोणाची?"

"आज तुझी."

"आणि एरवी?"

मी कापडावरचे पावाचे कण गोळा करत बसले. त्याने टोपी घातली आणि तो गेला. नाव मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

मला वाटलं, आता बाई मला हाकलणार. उलटंच झालं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कोरिनला बोलावून घेतलं आणि दर रविवारी कार्यक्रमच लावला. मी माझ्या जागेवर बसायचं, समोर कोणी अनोळखी माणूस, ताटात पाव. अगं, लोक रांग लावतात! कोट न काढता बसतात आणि आपलं सगळं माझ्यापुढे ओततात. कोणाचा घटस्फोट, कोणाचा कुत्रा. मी ऐकते आणि पाव खा म्हणते. संध्याकाळी दिवे मालवले की सगळे आपापल्या घरी जातात, मी बसने येते आणि इस्त्रीच्या फळीवर सूप ठेवते. फळी डुगडुगते. एका हाताने वाटी धरावी लागते.

तू गेलीस त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. झेनॉनला पुरल्यावर तू म्हणालीस, या घरात मला बाबाचा खोकला ऐकू येतो. मलाही येतो. मी रेडिओ लावते. तू ओरेगनला गेलीस. ज्याला जे परवडतं ते तो करतो. दर ख्रिसमसला तुझं कार्ड येतं, वर छापलेला मजकूर, खाली तुझं नाव. मी ते फ्रिजवर लावते, आणि संध्याकाळी दोन ताटं मांडते.

त्या माणसाचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आपल्यात ते ताट परक्याचं असतं. ज्याची वाट बघतोय त्याचं ते कधीच नसतं. माझ्या आईने मला तिथे कोणासाठी जागा धरून ठेवताना पाहिलं असतं, तर हातावर डावाचा फटका बसला असता. आणि इतकी वर्षं ते ताट पुसताना माझ्या डोळ्यांसमोर कोण असायचं, ते तुला सांगायला नको. म्हणजे दार वाजवणाऱ्या भुकेल्याची जागा मी अडवून ठेवली होती, आणि घरच्या माणसाला परक्याचं ताट दिलं होतं. दोघांवर अन्याय.

गेल्या आठवड्यात मिसेस व्हिटकॉम्ब मला कॉफीला घेऊन गेल्या. प्रदर्शन ख्रिसमसच्या आठवडाभर आधी संपतंय. म्हणाल्या, टेबल कायमचं आम्हालाच द्या, आम्ही ते जपू, शंभर वर्षांनीही लोक बघतील. तुम्हाला घरासाठी नवं टेबल देऊ, न डुगडुगणारं. खरं सांगते, मोह झाला. तिथे निदान कोणी समोर बसतं. पण त्यांना दोनच ताटं हवीत, जशीच्या तशी. एक सरकवून तिसरं ठेवायचं म्हटलं तर ते चालायचं नाही. मी म्हटलं, टेबल परत पाठवा. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, यंदा तीन ताटं मांडायची आहेत. एक माझं, एक परक्याचं, एक घरच्या माणसाचं. त्या म्हणाल्या, अरे वा, कोण येणार आहे? मी म्हटलं, अजून विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. विचारते आहे.

तुझीच,
बाब्चा